शेजाऱ्याची कयामत

कयामत येणार, हा आमच्या ईमानाचा भाग आहे. ती कधी येणार हे पैगंबरांनाही सांगितले गेले नव्हते. आमच्या मोहल्ल्यांतल्या काही जणांना मात्र अलीकडे ते बिनचूक ठाऊक असते. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे आमचे टेंभुर्णी म्हणजे काही जेरुसलेम नव्हे. इथे ऊस आहे, उजनीचे पाणी आहे, एमआयडीसी आहे, पंढरपूरकडे वळणाऱ्या गाड्यांची वर्दळ आहे. पण इशाची नमाज आटोपून चार जण टपरीवर टेकले की बोलणे उसाच्या बिलावरून सुरू होते आणि दज्जालवर येऊन ठेपते. मग मोबाईल बाहेर निघतात. नकाशे, बाण, आकडे, मागे भेसूर संगीत, आणि घोगऱ्या आवाजात सांगितलेल्या निशाण्या.

यातली सर्वांत लाडकी निशाणी म्हणजे लाल कालवड. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासहून पाच लाल कालवडी विमानाने इस्रायलला नेण्यात आल्या. जुन्या यहुदी विधीप्रमाणे शुद्धीकरणासाठी निखळ लाल रंगाची, जोखडाखाली न आलेली कालवड लागते. ते शुद्धीकरण झाल्याशिवाय मंदिर पुन्हा उभे राहू शकत नाही. आणि मंदिर उभे करायचे ते मस्जिदे-अक्साच्या आवारात, असा हा हिशेब आहे. आमच्या तालुक्यात जनावराची पारख दुधावरून आणि दातांवरून होते. पण त्या पाच कालवडींच्या अंगावर पांढरा केस उगवला की नाही, याची काळजी इथली पोरे करतात. नववीतल्या एका मुलाने आम्हाला भर वर्गात विचारले, ‘सर, दुनिया खतमच होणार असेल तर दहावीचा फॉर्म कशाला भरायचा?’ त्याने हे चेष्टेत विचारले नव्हते. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहावा लागतो आहे.

हा माल कुठल्या कारखान्यात तयार होतो ते आधी पाहू. कारण आवरणावर अरबी अक्षरे असली तरी आतला बराचसा माल आमचा नाही. त्या कालवडी पाठवण्यात यहुदी संस्थेबरोबर अमेरिकेतली ख्रिस्ती माणसेही होती. ख्रिस्ती माणसाला यहुदी मंदिराची एवढी घाई का, हा प्रश्न आमच्या टपरीवर कुणीच विचारत नाही.

हजरत ईसा (अ.) पुन्हा येतील, मेलेले उठतील आणि प्रत्येकाचा न्याय होईल, ही ख्रिस्ती लोकांची जुनी श्रद्धा आहे. तपशील वेगळे असले तरी त्यांच्या पुनरागमनावर आम्हीही विश्वास ठेवतो. तिच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते एकोणिसाव्या शतकात तयार झालेल्या एका वेळापत्रकाशी. जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) हा ‘प्लिमथ ब्रदरन’ नावाच्या पंथाचा पुढारी. त्याने जगाच्या इतिहासाचे कालखंड पाडले आणि शेवटच्या कालखंडाचा आराखडा मांडला. तो थोडक्यात असा : खऱ्या ख्रिस्ती लोकांना एके दिवशी अचानक वर उचलून घेतले जाईल. मागे उरलेल्यांवर सात वर्षे भयंकर संकटे कोसळतील. यहुदी आपल्या भूमीत गोळा झालेले असतील, मंदिर उभे राहील, ख्रिस्तविरोधी राज्य करील, महायुद्ध होईल, आणि मग ख्रिस्त येईल. १९०९ साली स्कोफिल्ड नावाच्या अमेरिकनाने बायबलच्याच पानांवर टीपा म्हणून हा आराखडा छापला. मूळ वचन कुठे संपते आणि स्कोफिल्ड कुठे सुरू होतो, हे साध्या भाविकाला कळेनासे झाले. १९४८ मध्ये इस्रायल झाले, १९६७ मध्ये पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात गेले, आणि या लोकांना वाटले की वेळापत्रकावर शिक्का बसला. १९७० साली हॅल लिंडसेच्या पुस्तकाने आणि १९९५ पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ या कादंबरीमालेने तो घरोघर पोहोचवला.

या आराखड्यातली मेख पाहा. न्यायाच्या दिवशी चर्च कुठे असेल? वर, सुरक्षित. भोगणार कोण? यहुदी, मुसलमान आणि राहिलेले सगळे. ज्याचा हिशेब व्हायचा तोच गॅलरीत बसून दुसऱ्यांचा हिशेब पाहणार.

तारखा सांगणाऱ्यांची फजिती तर ठरलेलीच. अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. कित्येकांनी शेतातले पीकही काढले नाही. दिवस गेला, रात्र गेली. हॅरॉल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओ-उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली आणि देशोदेशी फलक लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे दूधवाला वेळेवर आला. मग कॅम्पिंगने ऑक्टोबरची तारीख दिली, तीही गेली. २०१३ मध्ये तो स्वतः गेला.

पण हसणे इथेच थांबवावे लागते. २१ ऑगस्ट १९६९ रोजी मस्जिदे-अक्साला आग लावली गेली आणि सलाहुद्दीन अय्यूबींनी तिथे आणवलेला शेकडो वर्षांचा मिंबर जळून गेला. त्या घटनेनंतर महिनाभरात रबात येथे मुस्लिम राष्ट्रप्रमुख जमले आणि त्यातून इस्लामी राष्ट्रांची संघटना उभी राहिली. आमच्या तकरिरींत आजही ठासून सांगितले जाते की आग एका यहुद्याने लावली. ती लावली डेनिस मायकेल रोहन या ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती तरुणाने. हर्बर्ट आर्मस्ट्राँग या अमेरिकन उपदेशकाचे मासिक वाचून वाचून त्याने ठरवले होते की मशीद हटली की मंदिर होईल आणि मंदिर झाले की ख्रिस्त येईल. न्यायालयाने त्याला वेडा ठरवले. त्याला ते वेड कुठून लागले, हे ना तिकडे कुणी फारसे विचारले ना आमच्याकडे. आम्हाला आरोपी आधीच ठाऊक होता!

आणि जे वेडे ठरले नाहीत त्यांचे काय? १४ मे २०१८ रोजी अमेरिकेने आपला दूतावास जेरुसलेमला नेला. त्या समारंभाची प्रार्थना रॉबर्ट जेफ्रेस आणि जॉन हेगी या दोन अमेरिकन पाद्र्यांनी केली. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणापाशी इस्रायली गोळीबारात साठच्या आसपास पॅलेस्टिनी मेले. ज्यांना सगळ्याचा शेवट लिहून मिळालेला असतो, त्यांना मधल्या पानांवर माणसे मरताना दिसत नाहीत.

इथे वाचक म्हणेल, झाले ना सिद्ध, ख्रिस्ती असेच! नाही. ऑगस्ट २००६ मध्ये जेरुसलेमच्या लॅटिन कुलगुरूंनी आणि सीरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व ल्युथरन धर्माध्यक्षांनी एकत्र जाहीरनामा काढून ही शिकवण खोटी असल्याचे म्हटले. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातल्या संत पोर्फिरियस चर्चच्या आवारावर हल्ला झाला तेव्हा आत आसऱ्याला आलेली ख्रिस्ती कुटुंबे ढिगाऱ्याखाली मेली. त्याच वर्षीच्या नाताळात बेथलेहेमच्या ल्युथरन चर्चमध्ये पाद्री मुंथर इसहाक यांनी बाळ येशूची मूर्ती गव्हाणीऐवजी विटा-सिमेंटच्या ढिगाऱ्यावर ठेवली. डार्बीच्या आराखड्यात या ख्रिस्ती माणसांना जागाच नाही. वसईच्या किंवा सोलापूरच्या चर्चमध्ये जाणाऱ्या सर्वसाधारण मराठी ख्रिस्ती माणसाला लाल कालवडीचे काही देणेघेणे असते असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबादला (आजचे धाराशिव) साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. २०२४ मध्ये ते गेले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ मराठीत आहे. बायबलमध्ये काय आहे यावर तावातावाने बोलणाऱ्या आमच्यातल्या किती जणांनी ते उघडून पाहिले?

उघडले तर काय सापडते? ज्या शेवटच्या पुस्तकावर ही सारी निशाण्यांची इमारत उभी आहे, त्या ‘प्रकटीकरणा’ची सुरुवात शत्रूंच्या नाशाने होत नाही. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. पात्म बेटावरच्या योहानाला पहिला हुकूम मिळतो तो आशियातल्या सात मंडळ्यांना पत्रे लिहिण्याचा. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. ही सारी ठिकाणे आजच्या तुर्कस्तानात आहेत. स्मुर्णा म्हणजे इझमीर. सातांपैकी पाचांची खरडपट्टी काढली आहे. एकीचे प्रेम आटले आहे. एक नावापुरती जिवंत, आतून मेलेली. लावदिकीयाची मंडळी स्वतःला श्रीमंत समजते आणि तिला बजावले जाते की तू कंगाल आहेस, आंधळी आहेस, उघडी आहेस. पेत्राच्या पत्रात तर न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासूनच व्हायचा, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे यांच्याच ग्रंथाप्रमाणे पहिल्या पेशीची नोटीस चर्चच्या दारावर लागलेली आहे. गॅलरीची तिकिटे विकणाऱ्यांनी ती नोटीस फाडून शेजाऱ्याच्या दारावर चिकटवली, एवढाच सगळा प्रकार.

तारखेबद्दलही तेच. मार्कच्या शुभवर्तमानात ईसा (अ.) सांगतात की तो दिवस देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. आमच्याकडे हजरत जिब्रील (अ.) माणसाच्या वेषात येऊन पैगंबरांना (स.) कयामतीबद्दल विचारतात, तेव्हा उत्तर मिळते की ज्याला विचारले त्याला विचारणाऱ्याहून अधिक माहिती नाही. आणि न्यायाच्या प्रश्नपत्रिकेबद्दल? मत्तयाच्या शुभवर्तमानात राजा मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो ती भुकेल्याला जेवण दिले का, तहानलेल्याला पाणी दिले का, आजाऱ्याकडे, कैद्याकडे गेलात का, या प्रश्नांवर. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसे-कुदसीत अल्लाह बंद्याला जवळजवळ हेच विचारतो : मी आजारी होतो, तू आला नाहीस, मी भुकेला होतो, तू खाऊ घातले नाहीस. बंदा गोंधळतो, तू तर साऱ्या जहानाचा पालनहार, तुला भूक कशी? तेव्हा त्याला सांगितले जाते की माझा अमुक बंदा भुकेला होता. आम्ही वर्गात प्रश्न सांगितल्यावर मुले म्हणतात, सर, पेपर फुटला. इथे पेपर दोन्हीकडे केव्हाचाच फुटलेला आहे, आणि आम्ही मात्र परीक्षेची तारीख शोधत बसलो आहोत.

शेवटाच्या प्रतीक्षेतही माणसे कशी वागू शकतात याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. टेंभुर्णीहून पुण्याला निघालेली एसटी इंदापूर, भिगवण मागे टाकून चौफुल्याला येते. (चौफुला म्हटले की लोकांना तमाशाची थिएटरे आठवतात, असो.) तिथून आत केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. रमाबाई १८५८ च्या; शास्त्र्याची मुलगी, संस्कृतच्या पंडिता. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुली गोळा करून आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. बघता बघता माळरानावर दोन हजारांच्या आसपास बायका-मुलींचा संसार उभा राहिला.

१९०५ च्या जूनअखेरीस केडगावात जे घडले त्याला ख्रिस्ती इतिहासात ‘जागृती’ म्हणतात. मुली रडू लागल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आपापली पापे बोलून दाखवू लागल्या. त्या काळात वेल्सपासून अमेरिकेपर्यंत अशा लाटा उसळत होत्या, आणि पेंटेकॉस्टल पंथाचे लोक त्यांना ख्रिस्ताच्या पुनरागमनाआधीचा ‘शेवटचा पाऊस’ मानत. जग संपत आल्याची भावना केडगावच्या हवेतही होती. पण तिथे नकाशे निघाले नाहीत. मुलींनी शेजारच्या गावातल्या मुसलमानाची किंवा हिंदूची पापे मोजली नाहीत, स्वतःची मोजली. मोजून झाल्यावर काय? दळण दळले, हातमागावर बसल्या, शेतात गेल्या, खिळे जुळवून पुस्तके छापली. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले गेले. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळे बायबल बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत उतरवत बसल्या. ते काम आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. १९२४ मध्ये ते भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापून झाले. जग उद्या संपणार असे मानणारी बाई अठरा वर्षांचे काम हाती घेते!

‘पण ती धर्मांतर करणारी होती’ हा आक्षेप आम्हाला माहीत आहे. १८९३ मध्ये याच कारणावरून रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. तो वाद खरा आहे आणि दुष्काळात सापडलेल्या पोरीची संमती म्हणजे काय, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. तरी आमचा सवाल शिल्लक राहतो. त्याच दुष्काळात सोलापूर-नगर भागातल्या मुसलमान विधवा आणि पोरक्या मुली कुठे गेल्या? त्यांच्यासाठी आमच्यातल्या कुणी केडगाव उभे केले? कयामतीच्या दिवशी विचारले जाईल ते आम्हाला. रमाबाईंनी किती जणींना ख्रिस्ती केले, हा प्रश्न रमाबाईंच्या पेपरात असेल.

आणि अखेरच्या काळाची नशा आमच्या इतिहासात नाही, असे कुणी समजू नये. दख्खनमध्येच ती चढून उतरली आहे. सय्यद मुहंमद जौनपुरी (१४४३-१५०५) यांनी आपण मेहदी असल्याचे जाहीर केले होते. पुढे हिजरी सन १००० जवळ येऊ लागले, म्हणजे इसवी सनाचे १५९१, तेव्हा अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) गादीवर कोवळा इस्माईल निजामशहा होता आणि कारभार जमालखान या मेहदवी सरदाराच्या हाती. त्याने आपला पंथ राज्याचा पंथ केला. १५९१ च्या सुमारास रोहणखेडच्या लढाईत तो मारला गेला आणि मग मेहदवींचा छळ सुरू झाला. हजारावे साल आले तसे गेले. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. जमालखानाचा पंथ खरा की खोटा, याचा निवाडा आम्ही करणार नाही. आज मेहदवी बांधव आपल्या रीतीने शांतपणे राहतात. अखेरच्या काळाचा दाखला तख्ताच्या कामी जुंपला की काय होते, एवढेच दाखवायचे आहे. १ मुहर्रम १४०० ला, म्हणजे २० नोव्हेंबर १९७९ रोजी, जुहैमान अल-उतैबीच्या टोळीने एका माणसाला मेहदी म्हणून उभे करून खुद्द हरमशरीफ काबीज केले. दोन आठवडे अल्लाहच्या घरात गोळ्या चालल्या. तो मेहदीही त्यात मेला. ‘दाएश’वाल्यांनी २०१४ मध्ये आपल्या मासिकाचे नाव ‘दाबिक’ ठेवले, कारण तिथे अखेरची लढाई व्हायची होती. २०१६ मध्ये ते गाव त्यांच्या हातून फारशी झुंज न होता गेले. त्यांच्या हातून सर्वाधिक मेले ते इराक-सीरियातले मुसलमानच.

छापील मालाची गोष्ट तर आणखी गमतीची. इजिप्तच्या सईद अय्यूब यांचे दज्जालवरचे पुस्तक १९८७ मध्ये आले आणि अरबी जगात त्या धाटणीच्या पुस्तकांची रांग लागली. त्यात बायबलमधल्या भाकितांचा भरपूर वापर होता. म्हणजे डार्बी आणि लिंडसेच्या कारखान्यातला सांगाडा, त्यावर अरबी रंग, मग उर्दूचा हात, आणि शेवटी टेंभुर्णीच्या टपरीवरचा मोबाईल. तिकडे ज्याला ख्रिस्तविरोधी म्हटले त्याच्या जागी इकडे दज्जाल, आणि गॅलरीत चर्चच्या जागी आम्ही. बाकी आराखडा तोच. ज्यांना आम्ही इस्लामचे शत्रू म्हणतो त्यांचीच उत्तरपत्रिका आम्ही उतरवून काढली.

याचा परिणाम काय होतो तो २०२० मध्ये दिसला. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या मोबाईलमध्ये फिरत होते की चीनने उइघुर मुसलमानांचा छळ केला म्हणून त्यांच्यावर अजाब उतरला. मार्चअखेर निजामुद्दीनच्या मरकजचे नाव टीव्हीवर आले आणि तोच अजाब आमच्या नावावर मांडला गेला. भाजीवाल्यांना नावे विचारून हाकलले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे नोंदवले. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. दुसऱ्यांच्या संकटाला अजाब म्हणायची सवय लावून घेतली की आपल्यावर तोच शब्द उलटला तेव्हा बोलायला तोंड राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला घरे कोसळली तेव्हाही लोक कुणाच्या पापाने झाले ते शोधत होते. दगड-मातीच्या जड भिंतींकडे पाहायला उशीर लागला.

मग आमच्या घरापासून आरंभ केला तर काय दिसेल? सातबारा काढून पाहा. बाप वारला की वारसनोंद होते, बहिणींची नावे लागतात. थोड्या दिवसांनी बहिणीला जीपमध्ये बसवून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात, हक्कसोड पत्रावर अंगठा घेतात, येताना एक साडी. कुरआनने मुलीचा हिस्सा आकड्यात सांगितला आहे. त्याचा अर्थ लावायला कुणा डार्बीची गरज नाही. तो हिस्सा गिळणाऱ्यांत दररोज दज्जालच्या निशाण्या पुढे पाठवणारे हात नाहीत काय? मेहर ‘माफ’ करून घेतलेले नाहीत काय? मशिदीच्या गाळ्यांचे भाडे किती येते आणि जाते कुठे, हे जुम्याला विचारले तर विचारणाराच फसादी ठरतो, असा अनुभव आम्ही एका गावी घेतला आहे. जकात निघते, आणि उर्दू शाळेतली हुशार मुलगी सातवीनंतर घरी बसते.

एका बदूने पैगंबरांना (स.) विचारले होते की कयामत कधी. त्यांनी उलट विचारले, तू तिच्यासाठी तयारी काय केली आहेस? आणि हातात रोप असताना कयामत सुरू झाली तरी ते लावून घ्यावे, अशीही त्यांची शिकवण आहे. नववीतल्या त्या मुलाला आम्ही ही हदीस सांगितली. त्याने दहावीचा फॉर्म भरला. त्याच्या मोबाईलचे आम्ही काही करू शकलो नाही.

मोबाईलपेक्षा मिंबर जुना आहे, म्हणून आमची मागणी मिंबराकडे आहे. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, माढा, करमाळा, कुठल्याही गावच्या मशिदीत पुढच्या जुम्याला दज्जालवर बयान करायचे असेल तर ते एका आठवड्याने करावे. आधीच्या जुम्याला बहिणीच्या हिश्श्यावर बोलावे, आणि त्याच दिवशी गाळ्यांच्या भाड्याचा वर्षाचा जमाखर्च वजूखान्याच्या भिंतीवर, सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत, उर्दूत आणि मराठीत लावावा.